अंगवळणी

वळण आलं तशी गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी मोटारसायकल डावीकडे झुकवली, आणि मोटारसायकल झुकलीच नाही.

बाईंनी गुडघा टाकीला दाबला, हँडलला रेटा दिला, तरी पुढचं चाक आपल्याच हट्टानं सरळ निघालं. रस्त्याची मधली रेघ ओलांडून, पलीकडची कड ओलांडून ते खडीत घुसलं आणि कठड्याच्या दगडापाशी येऊन थांबलं. इंजिन बंद पडलं होतं. मागच्या पेटीतल्या औषधांच्या बाटल्या अजून एकमेकींवर वाजत होत्या. समोरून काही येत नव्हतं, म्हणून निभावलं.

बाई उतरल्या. कठड्यापलीकडे डोकावून पाहायचं त्यांनी टाळलं. हे वळण त्या तरुणपणापासून घेत आल्या होत्या. उन्हात, धुक्यात, कधी पाठीवर आजारी वासरू बांधूनसुद्धा. डोळे मिटून घेता येईल असं वळण. त्यांनी पुढच्या चाकाला लाथ मारून पाहिली, हवा दाबून पाहिली, मग गाडी ढकलत रस्त्यावर आणली आणि पुढच्या गोठ्यापर्यंत म्हातारीसारखी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नेली.

गाडी शहरातून येऊन फार दिवस झाले नव्हते. मुलानंच ती टेम्पोत घालून नेली होती. बाईंच्या साठीनिमित्त त्यानं ती पुरी खोलून, नवी करून द्यायचं ठरवलं होतं. बाई उंचीनं कमी. गाडी थांबली की त्यांचे चवडेच तेवढे जमिनीला लागायचे, आणि हे मुलाला त्याच्या लहानपणापासून बघवत नसे. म्हणून त्यानं त्याच्या घराजवळच्या मिस्त्रीला सांगून मागचे शॉकअप बदलून घेतले होते. आधीच्यापेक्षा आखूड आणि मऊ. गाडी परत आली तेव्हा खरंच दोन्ही पाय पुरते टेकले. पाठीला गचके बसेनासे झाले. बाईंनी फोन करून लेकाचं तोंडभर कौतुक केलं. सरळ रस्त्यावर गाडी पाळण्यासारखी चालत होती. पण त्यांच्या कामाच्या वाटेवर सरळ रस्ता होताच कुठे? गावाबाहेर पडलं की घाट सुरू, आणि घाटाच्या दोन्ही अंगांना विखुरलेले त्यांचे गोठे.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. गाडी वळत नाही म्हणून सांगितलं. ढकलावी लागते, आणि ढकलली तरी बाहेर बाहेर जाते.

"मिस्त्रीला विचारतो," मुलगा म्हणाला.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मिस्त्री म्हणतो गाडी एकदम ठीक आहे. उलट आता आधीपेक्षा चांगली. नवीन वस्तू आहे, थोडी अंगवळणी पडावी लागते. मग आवाज हळू करून तो म्हणाला, "आई, आणखी एक विचारू का? गाडी तीच आहे, रस्ता तोच आहे. तुला स्वतःला काही वेगळं वाटतंय का? चक्कर वगैरे?"

"छे," बाई म्हणाल्या. "चक्कर कसली?"

पण फोन ठेवल्यावर त्यांनी खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवत चालून पाहिलं. कुणी बघत नव्हतं, तरी त्यांना शरम वाटली.

गावातल्या पंक्चरवाल्यानं चाकं फिरवून बघितली, हवा मोजली, बेअरिंग चाचपली. त्याला काही सापडलं नाही. त्यानं गाडीवर एक चक्कर मारली, पण ती गावातल्या गावात, सपाट रस्त्यावर. मस्त चालते की, असं तो म्हणाला, आणि हसत हसत त्यानं ती म्हण ऐकवली, साठी आणि बुद्धीची. बाईही हसल्या. त्यांना विनोद कळत होता. आतापर्यंत ती म्हण त्याच दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या.

मुलगा विमा कंपनीत होता. अपघातांचे दावे तपासणं हे त्याचं काम. दिवसभर त्याच्या टेबलावर चेपलेल्या गाड्यांचे आणि रस्त्यावर सांडलेल्या चपलांचे फोटो असायचे. वडील गेल्यापासून तो आईला म्हणत होता की आता पुरे, शहरात ये, नातीजवळ राहा. सून नोकरी करते, पोर शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असतं. बाई दर वेळी म्हणायच्या, बघू. गोठे कुणाच्या जिवावर टाकू, म्हणायच्या. या एका बाबतीत मायलेकरांचं घोडं वर्षानुवर्षं तिथंच अडलं होतं.

आता त्याचे फोन वाढले. आज गाडी कशी चालली, हे तो रोज विचारू लागला. बाई खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हत्या. आज खालच्या वळणावर पुन्हा बाहेर गेले, त्या सांगायच्या. आज नीट आले, पण फार हळू. तो ऐकून घ्यायचा. कधी रागावला नाही, कधी गाडी सोड म्हणाला नाही. फक्त म्हणायचा, "होतं गं वयानं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

त्याचा हा समजूतदारपणा बाईंना लागला. भांडला असता तर त्यांनी भांडून परतवलं असतं.

एकदा मनात शंकेची फट पडली की माणूस स्वतःच तिच्यात बोट घालून ती मोठी करतो. बाईंचं तेच झालं. एका गाईची शीर त्यांना पहिल्या सुईत सापडली नाही. पूर्वीही कितीदा सापडली नव्हती, पण तेव्हा त्या गाईला शिवी घालायच्या. आता त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. एकदा पेटीची किल्ली गोठ्यात विसरली. एकदा औषधाचं प्रमाण त्यांनी मनात केलं ते केलं, वर पुन्हा कागदावर करून पाहिलं. बरोबर होतं. तरी तिसऱ्यांदा केलं. वळण लांबवर दिसलं की हात आपसूक ब्रेककडे जायचा. गाडी जिथं नुसती जड होती, तिथं बाई ताठ होऊ लागल्या. आणि त्या ताठ झाल्या की गाडी आणखीच वळेना. यातलं गाडीचं किती आणि आपलं किती, हे त्यांना सांगता आलं नसतं.

मग काकूंच्या गाईचं झालं.

घाटाच्या वरच्या टोकाला काकूंचा गोठा होता. गाई मोजक्याच, पण एकेक लेकीसारखी वाढवलेली. काकू आणि बाई जवळजवळ एका वयाच्या. बाईंनी या भागात पहिलं वासरू ओढून काढलं ते काकूंच्याच गोठ्यात, आणि तेव्हापासून काकूंच्या जनावरांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्या सकाळी गाय अडली होती. वासराचे पाय पुढे आलेले, पण मान मागं वळलेली. बाईंनी दंडापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. बोटांना कान लागला, मग डोळ्याची खोबण. जबडा थोडा पलीकडे. नेहमीची गोष्ट. जबड्याखाली बोटं घालायची, कळ थांबेपर्यंत थांबायचं, आणि मान आपल्याकडे वळवून घ्यायची. त्यांच्या हातांनी हे इतक्यांदा केलं होतं की डोक्याला विचारावं लागत नसे.

त्या दिवशी त्यांनी डोक्याला विचारलं. लागतोय तो जबडाच ना? की आपल्याला तसं वाटतंय? वळवताना चुकीचं खेचलं तर आतून फाटेल. कळ आली आणि गेली. पुढची आली आणि गेली. बोटं जिथं होती तिथंच होती.

बाईंनी हात बाहेर काढला.

"काकू, दुसऱ्या डॉक्टरांना बोलवू," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही."

"कुणाला बोलवता? तुम्हीच करा," काकू म्हणाल्या. "दम खा थोडा आणि करा. मला दुसरं कुणी नको."

"नाही काकू. माझे हात आता तसे राहिले नाहीत."

पलीकडच्या तालुक्यातून तरुण डॉक्टर यायला वेळ लागला. चांगला मुलगा होता. आल्या आल्या अंगातला शर्ट काढून कामाला लागला. वासरू त्यानं काढलं, मेलेलं. गाय संध्याकाळपर्यंत टिकली नाही. हात धुताना तो बाईंना आदरानं म्हणाला की मान काही फार आत नव्हती, थोडं आधी झालं असतं तर जमलं असतं. त्याला टोमणा मारायचा नव्हता. काकू गाईच्या डोक्याशी बसून होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि त्यानंतर बाईंना कधी बोलावलंही नाही.

घरी परत येतानाच बाई पडल्या. त्या दिवशी वेग काहीच नव्हता. वळण येताच त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी खडीवरून आडवी झाली. उजवं मनगट अंगाखाली सापडलं. दुधाच्या गाडीवाल्यानं त्यांना उचललं. मुलगा रातोरात आला. हात गळ्यात बांधून खाटेवर बसलेल्या आईला पाहून तो दारातच थांबला आणि तिथल्या तिथं रडला. बाईंनी त्याला पहिल्यांदाच असं, वडील गेले तेव्हासुद्धा रडला नव्हता असं, रडताना पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी त्याचं डोकं थोपटलं आणि स्वतःच म्हणाल्या, "चल. येते मी तुझ्याकडे."

सगळं पटपट मार्गी लागलं. दवाखाना आणि वरची राहती जागा तरुण डॉक्टरानं भाड्यानं घेतली. गाडी मुलानं शहरात नेऊन मिस्त्रीला विकून टाकली. लोकांनी निरोप दिला, डोळे पुसले. काकू आल्या नव्हत्या.

शहरातलं घर चौथ्या मजल्यावर होतं, नीटनेटकं, उजेडाचं. मुलगा जपायचा, सून आब राखून वागायची. नातीला शाळेतून आणायचं, तिचं खाणं बघायचं, कपडे वाळत घालायचे. मनगट भरून आलं. हाडांच्या डॉक्टरांनी हात वाकवून, फिरवून पाहिला आणि आता काहीही करा म्हणाले. बाईंना काही करायचं नव्हतं. रस्ता ओलांडताना त्या नातीचा हात धरायच्या, आणि कोण कुणाला धरून नेतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

एका दुपारी शाळा सुटायला अवकाश होता म्हणून त्या नेहमीचा रस्ता सोडून मागच्या गल्लीनं निघाल्या. टायरच्या ढिगापलीकडे, गॅरेजच्या दारात, त्यांना आपली मोटारसायकल दिसली. टाकीवरचा पोचा त्यांनी आधी ओळखला, गाडी नंतर. उघड्या इंजिनापुढे बसलेल्या माणसानं मान वर केली, तेव्हा त्यांनी आपण कोण ते सांगितलं.

मिस्त्रीला केवढा आनंद झाला. त्यानं हात पुसून खुर्ची ओढली, चहा मागवला. बाई, या गाडीनं मला सोडलंच नाही बघा, म्हणाला. विकायला घेतली होती, आता मीच वापरतो. असलं इंजिन आता कुणी बनवत नाही. बाईंनी सीटवर हात ठेवला. चालवून बघणार का, असं त्यानं विचारलं, आणि त्यांचा नकार पूर्ण व्हायच्या आत किल्ली पुढे केली.

गॅरेजच्या मागं गोदामांचा रिकामा रस्ता होता, चारही बाजूंनी वळत परत तिथंच येणारा. पहिलं वळण बाईंनी पायी चालण्याच्या वेगानं घेतलं, पाय दोन्हीकडे लोंबते ठेवून. दुसऱ्यावर पाय वर घेतले. तिसऱ्या वळणावर त्यांनी काही केलंच नाही, फक्त जिकडे जायचं तिकडे पाहिलं, आणि गाडी त्यांच्याखाली हळूच कलली आणि वळली. पूर्वी वळायची तशी, जणू बाईंच्या आधी तिलाच रस्ता ठाऊक होता. बाईंनी आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्या परतल्या तेव्हा त्यांच्या केसांची पिन निघाली होती आणि त्या हसत होत्या, नातीएवढ्या होऊन.

"वळते," त्या म्हणाल्या. "ही तर वळते."

"वळणारच," मिस्त्री म्हणाला. "तेव्हा चूक माझीच झाली होती. मागून आखूड शॉकअप टाकले, तर पुढूनही गाडी तेवढीच खाली घ्यायला हवी होती. ते राहिलं. मागून बसलेली गाडी नाक वर करते, वळायला मागत नाही. अर्ध्या तासाचं काम. माझ्या लक्षात आलं तसा मी साहेबांना फोन केला. म्हटलं, गाडी पाठवा, नाहीतर मी स्वतः तिकडे येऊन करून देतो, घाटातली गाडी आहे. ते म्हणाले आईला सांगतो. पुन्हा विचारलं तर म्हणाले तिकडच्या माणसाकडून करून घेतलं." त्यानं मान हलवली. "पण गाडी माझ्याकडे आली तेव्हा होती तशीच होती, बाई. तुमच्या तिकडच्या माणसानं फसवलं तुम्हाला."

बाईंनी किल्ली त्याच्या हातात दिली. केसांची पिन शोधावी तसं जमिनीकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "फसवलं त्यानं."

चहा आला होता. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण मिस्त्री समोर बसला होता. मग शाळा सुटायची वेळ झाली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. नात लवकर जेवून आतल्या खोलीत चित्रं रंगवत होती. मुलगा ऑफिसातल्या कुणाची तरी गंमत सांगत होता. ती संपेपर्यंत बाई थांबल्या.

"आज गाडी चालवून आले," त्या म्हणाल्या.

"कुठली गाडी?"

"माझी."

मुलाचा हात ताटावर राहिला. पहिलं वाक्य त्याच्या तोंडून आलं ते सवयीनं आलं. "पडली-बिडली नाहीस ना?"

"नाही. आता वळते ती. पुढून खाली घेतलीय मिस्त्रीनं."

सुनेनं वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. तो आवाज जरा मोठा झाला. मुलानं पाणी प्यायलं. त्यानं नाकारलं असतं, मिस्त्रीवर ढकललं असतं, तर बाईंनी कदाचित त्यावर विश्वास ठेवला असता. विश्वास ठेवायला त्या गल्लीपासून घरापर्यंत तयारच होत्या. पण तोही खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हता, समोरासमोर तरी.

"त्याचा फोन आला तेव्हा मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "खरंच. त्याच संध्याकाळी. पण तू तेव्हा फोनवर म्हणालीस, आज फक्त दोनच गोठे केले, भीती वाटली म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू भीती वाटली म्हणालीस. मला वाटलं, आणखी थोडे दिवस गेले तर आपणहून सोडेल."

"मी म्हटलं होतं, सांगून टाक म्हणून," सून ताटाकडे बघत म्हणाली.

म्हणजे हिलाही माहीत होतं. या टेबलाशी इतके दिवस तिघं जेवत होते आणि माहीत नसलेलं माणूस एकच होतं. बाईंच्या मनात आलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि ती म्हण त्यांना इतकी शिळी वाटली की त्यांनी ती तिथंच गिळली.

"कठड्यापर्यंत गेले होते मी एकदा," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला पलीकडे गेले असते तर?"

मुलगा टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटानं लांब ओढत राहिला. मग म्हणाला, की तुझा फोन जरा उशिरा आला तरी मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचो. की दिवसभर मी कसले फोटो बघतो ते तुला माहीत नाही. की तू कधी कुणाचं ऐकलंस का, बाबांचं तरी? शेवटी तो म्हणाला, "मनगटावर भागलं ना, आई. आज तू इथं आहेस. मला एवढंच हवं होतं."

तेव्हा बाईंनी त्याला काकूंच्या गाईचं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. बोटांना कान लागला होता, जबडा लागला होता, आणि आपण हात काढून घेतला, हे त्यांनी सावकाश, एकही गोष्ट न गाळता सांगितलं. काकू वर बघत नव्हत्या तेही सांगितलं. मुलानं नीट ऐकलं. तो खरोखर समजून घ्यायचा प्रयत्न करत होता; कपाळाला आठी पडली होती, लहानपणी गणित अडल्यावर पडायची तशी.

"पण त्याचा गाडीशी काय संबंध?" तो म्हणाला.

बाईंनी उजवा हात टेबलावरून खाली घेतला.

"वयानं होतंच तसं, आई," तो मायेनं म्हणाला. "ते काही शॉकअपमुळे नाही झालं."

आणि बाईंना नाही म्हणता येईना. दुपारी त्या तीन-चार फेऱ्या मारून आल्या होत्या, गाडी वळली होती, एवढं खरं. पण त्या सकाळी गाईच्या पोटात जो हात थांबला, तो कुणाचा होता? म्हाताऱ्या बाईचा, की म्हातारी झालीस असं रोज मायेनं सांगितलेल्या बाईचा? हे आता सांगणार कोण? गाय मेली होती. त्यांनी टेबलाखाली उजवी मूठ मिटली आणि उघडली. मूठ चांगली मिटत होती.

सून उठून भांडी गोळा करू लागली. बाईंनी आपलं ताट उचलून नेलं, नेहमीप्रमाणे नातीला झोपवलं, आणि तिच्या शेजारी पडून राहिल्या. परत जायचं म्हटलं तर कुठं? दवाखान्यात त्या तरुण डॉक्टराच्या बायकोनं पडदे लावल्याचं कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. छान दिसतात म्हणे.

सकाळ रोजच्यासारखी झाली. डबे भरले, दप्तर भरलं. मुलगा आंघोळ करून आला. त्याचे डोळे सुजले होते. त्यालाही झोप लागली नसावी. कालचं कुणी काढलं नाही. तो आरशासमोर केस विंचरत होता आणि बाई नातीच्या बुटाची नाडी बांधत होत्या, तेव्हा तो तिथूनच म्हणाला, "आई, बाहेर गारठा आहे आज. स्वेटर घालून जा."

बाईंनी नाडीची गाठ पुरी केली. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, कडी काढली आणि एक झडप उघडून हात बाहेर धरला.

गारठा होता. तरी त्यांनी हात आणखी थोडा वेळ बाहेरच ठेवला.